म्योंपेलगार्डला एक पोस्टकार्ड

पहिला दिवस : स्टुटगार्ट

अडतीस वर्षं मी आर.एम.एस.मध्ये, म्हणजे टपाल खात्याच्या रेल्वे मेल सर्व्हिसमध्ये होतो. आधी रेल्वेच्या टपाल डब्यात, मग सॉर्टिंग ऑफिसात. रात्रपाळीला समोर भिंतभर खण, हातात पाकिटांचा गठ्ठा आणि डोक्यात गावं. पिन कोड १९७२ सालीच आला होता (तो बसवणारे श्रीराम भिकाजी वेलणकर आपल्या कोकणातले), पण मी नोकरीला लागलो तेव्हाही कितीतरी पाकिटांवर कोड नसायचाच. 'मु. पो. पिंपळगाव' एवढ्यावरच काम भागवलेलं असायचं. मग पाठवणाऱ्याच्या गावावरून, अक्षरावरून, कधी नुसत्या अंदाजाने ते पत्र बरोबर खणात पडायचं. त्या अंदाजाला आमच्यात फार मान होता.

तेव्हापासूनची खोड अशी की गावाचं नाव दिसलं की त्याची फोड केल्याशिवाय मला चैन पडत नाही. लेक जर्मनीत, स्टुटगार्टजवळच्या ब्योब्लिंगेनला नोकरी करते. "बाबा, आईला घेऊन या, पॅरिस दाखवते," असं ती तीन वर्षं म्हणत होती. मी म्हटलं, पॅरिस राहू दे, मला मोंबेलियार बघायचंय.

"ते कुठे आलं?"

"फ्रान्समध्ये. पण चारशे वर्षं तुझ्या या जर्मन मुलखाचं होतं."

ती गप्प झाली. तिच्या आईने फोन हातात घेऊन सांगितलं, "अगं, ते म्हणतात तिथे जाऊ या. नाहीतर पॅरिसला गेल्यावरसुद्धा पॅरिस नाव कशावरून पडलं हेच ऐकावं लागेल." (पॅरिसी नावाच्या टोळीवरून पडलं. पण ते असो.)

लेकीच्या गावाभोवती जिकडे बघावं तिकडे 'इंगेन'. ब्योब्लिंगेन, सिंडेलफिंगेन, एस्लिंगेन, ट्यूबिंगेन. हा प्रत्यय म्हणजे 'अमक्याची माणसं'. कुणी बोबिलो नावाचा म्होरक्या असावा, त्याच्या माणसांनी जिथे बूड टेकलं ते ब्योब्लिंगेन. मला गंमत वाटली. आपण गावावरून माणूस ओळखतो, नावाला 'कर' लावला की झालं. इथे माणसावरून गाव ओळखायचं. आता त्या बोबिलोच्या गावात आठवडी बाजारात भाजी घेताना मागून "अगं, कोथिंबीर बघ किती महाग" असं ऐकू येतं, कारण आसपासच्या गाड्यांच्या आणि सॉफ्टवेअरच्या कंपन्यांत आपली मुलं पुष्कळ आहेत.

दुपारी स्टुटगार्टला गेलो. शहर खोलगट वाटीत बसलंय आणि कडेच्या उतारांवर, अगदी वस्तीला लागून, द्राक्षमळे आहेत. नाव मात्र घोड्यांचं. जुन्या जर्मनमध्ये 'श्टुओटगार्टन', म्हणजे घोड्या राखायचं आवार. इसवी सन ९५० च्या सुमारास लिउडोल्फ नावाच्या सरदाराने हंगेरियनांशी लढायला इथे घोडी पाळली असं सांगतात. आपल्या भाषेत सांगायचं तर हे पागेचं शहर. शहराच्या चिन्हात पिवळ्यावर काळा उधळलेला घोडा आहे, आणि पोर्शे गाडीच्या नाकावर जो घोडा असतो तो हाच.

या पागेचं मुंबईशी १९६८ पासून नातं आहे, दोन शहरांनी ठरवून जोडलेलं. महाराष्ट्राचं आणि या बाडेन-व्युर्टेंबर्ग राज्याचं राज्या-राज्यांतलं नातं २०१५ सालचं, म्हणजे ताजं. पण मुंबई-स्टुटगार्ट जुनं. त्याच्याच आधाराने इथे २००४ साली भारतीय सिनेमाचा महोत्सव सुरू झाला. मी मात्र बाकावर बसून स्टुटगार्टच्या सगळ्या नातेवाईक शहरांची यादी काढली आणि सॉर्टिंगला बसल्यासारखा एकेका नावाचा अर्थ लावत गेलो. कार्डिफ म्हणजे टाफ नदीवरचा कोट. स्ट्रासबुर्ग म्हणजे रस्त्यांवरचा कोट. पोलंडमधलं एक शहर लिहायला लोड्झ आणि म्हणायला वूच, त्याचा अर्थ चक्क होडी, आणि त्यांच्या चिन्हातही होडीच. कैरो, अल-काहिरा, म्हणजे जिंकणारी. ट्युनिशियातलं मेंझेल बुर्गिबा पूर्वी फ्रेंचांच्या काळात फेरीव्हिल होतं, एका फ्रेंच पंतप्रधानाच्या नावाचं. स्वातंत्र्य आल्यावर आपल्या पुढाऱ्याच्या नावाचं झालं. आणि १९६८ साली कागदावर जी बॉम्बे होती ती १९९५ पासून मुंबई, मुंबाआईची.

पागा, होडी, कोट, आई. हे सगळे एका पंगतीला बसलेत.

या नात्याला काय म्हणायचं यावरही सगळ्यांचं एकमत नाही. फ्रेंच 'झ्युमलाझ' म्हणतात, म्हणजे जुळं करणं. इंग्रजही जुळंच म्हणतात. अमेरिकेत भगिनी. जर्मन लोक कोरडे, ते 'पार्टनरश्टाट' म्हणतात, भागीदार शहर. मराठीत आपण 'भगिनी शहर' छापतो, पण ते इंग्रजीवरून उतरवलेलं आहे हे लगेच कळतं. जुळी एका पोटी जन्मतात. इथे तर दोन अनोळखी घरांनी ठरवून नातं जोडलंय. याला मराठीत नेमका शब्द हवा, एवढं मनात ठेवून रात्री परतलो.

जेवायला माउलटाशेन खाल्ले. कणकेच्या पारीत खिमा आणि पालक भरून बंद केलेले चौकोन. उपवासाच्या दिवसांत देवाला मांस दिसू नये म्हणून ते पारीत लपवलं अशी इथली कथा. हिने, जी मांसाहार करत नाही, तिने विचारलं, "मग देवाला वाससुद्धा येत नाही का?"

दुसरा दिवस : लुडविग्सबुर्ग

स्टुटगार्टहून लोकलने पंधरा-वीस मिनिटं. नावात 'बुर्ग' आहे, पण किल्ला शोधायला जाऊ नका. एबरहार्ड लुडविग या ड्यूकने १७०४ साली शिकारीसाठी वाडा बांधायला घेतला. वाडा वाढत वाढत साडेचारशे खोल्यांचा राजवाडा झाला आणि मग राजवाड्याला गाव हवं म्हणून समोर गाव वसवलं. स्वतःचंच नाव दिलं. चौकात कारंज्यावर तो उभा आहे आणि त्याच्या दोन बाजूंना दोन चर्च समोरासमोर, एक प्रोटेस्टंट, एक कॅथलिक.

राजवाड्यात मला हवं ते भेटलं. एका कमानीवर ड्यूकचं राजचिन्ह कोरलंय. मधे हरणाची तीन शिंगं, ती व्युर्टेंबर्ग घराण्याची. भोवतीच्या चार घरांपैकी एकात दोन मासे, एकमेकांकडे पाठ करून उभे. मी चष्मा पुसून पुन्हा बघितले. कल्ले, मिशा, वळलेल्या शेपट्या. समुद्र इथून कुठच्या कुठे, आणि घराणं डोंगरातलं, मग हे मासे कुणाचे? हे मोंबेलियारचे. जर्मन त्याला म्योंपेलगार्ड म्हणायचे. १३९७ साली ते गाव या घराण्याकडे आलं तेव्हा चिन्हातले मासेही बरोबर आले. गाव १७९३ साली फ्रेंच राज्यक्रांतीत हातचं गेलं. मासे भिंतीवर राहिले.

याच राजवाड्याच्या अंगणात ९ सप्टेंबर १९६२ रोजी फ्रान्सचे राष्ट्राध्यक्ष द गॉल यांनी जर्मन तरुणांपुढे भाषण केलं, तेही जर्मनमध्ये. पहिल्या महायुद्धात ते जर्मनांच्या कैदेत होते, आणि दुसऱ्यात तर सगळं आयुष्यच त्यांच्याविरुद्ध लढण्यात गेलं. अशा माणसाने, तुम्ही तरुण आहात आणि एका थोर राष्ट्राची मुलं आहात, याबद्दल त्या पोरांचं अभिनंदन केलं. पुढच्या जानेवारीत दोन्ही देशांचा मैत्रीचा एलिझे करार झाला. पुस्तकांत मैत्रीची सुरुवात बहुतेक इथून सांगतात. पण लुडविग्सबुर्गने त्याच्या बारा वर्षं आधीच, १९५० साली, मोंबेलियारशी नातं जोडलं होतं. जर्मन आणि फ्रेंच शहरांमधलं ते पहिलं नातं मानतात. आज अशी नाती २,२०० च्या घरात आहेत.

या पहिल्या नात्यात मला सगळ्यात जास्त धरून ठेवणारा माणूस म्हणजे ल्युसियाँ थारादँ. मोंबेलियारचे महापौर. युद्धात ते प्रतिकार चळवळीत होते, पकडले गेले आणि बुखेनवाल्डच्या छळछावणीत टाकले गेले. तिथून जिवंत परतले. आणि परतून जेमतेम पाच वर्षं झाली तोच त्यांनी लुडविग्सबुर्गचे महापौर एल्मार डोख यांचा हात हातात घेतला. आपल्याकडे कुणाला भाऊबंदकीतला बांध विसरता येत नाही, तीन तीन पिढ्या कोर्टात जातात. मी स्वतः चुलतभावाशी अकरा वर्षं बोललेलो नाही, आणि कारण एक विहीर आहे.

याच लुडविग्सबुर्गमध्ये १९५८ पासून नाझी गुन्ह्यांचा तपास करणारं सरकारी कार्यालय आहे. म्हणजे एकीकडे हात मिळवला आणि दुसरीकडे हिशेबाची वहीही उघडी ठेवली. दोन्ही एकाच गावात आहे हे मला बरं वाटलं.

इथल्या इतर नात्यांपैकी वेल्समधलं केर्फिली १९६० सालचं. 'केर' म्हणजे कोट, म्हणजे फिलीचा कोट आणि लुडविगचा कोट. आणि चेक देशातलं नोवी यिचीन. त्याचं जुनं जर्मन नाव नॉयटिटशाइन. युद्धानंतर तिथल्या जर्मनांना हाकलून दिलं, आणि नावही त्यांच्याबरोबरच गेलं. कुणी आज पाकिटावर नॉयटिटशाइन लिहिलं तर?

या प्रश्नानेच पुढचा उद्योग सुचला. दुकानातून राजवाड्याची दोन पोस्टकार्डं घेतली. दोन्ही स्वतःच्याच नावाने, मोंबेलियारच्या आमच्या उतरण्याच्या घराच्या पत्त्यावर. पहिल्यावर पत्ता रीतसर, कोड २५२००, गाव मोंबेलियार. दुसऱ्यावर घराचा नंबर, रस्ता आणि खाली फक्त 'म्योंपेलगार्ड, फ्रान्स'. कोड नाही.

"अहो, हे काय चालवलंय?"

"परीक्षा घेतोय."

"कुणाची?"

मला नीट सांगता आलं नाही. डबा पिवळा होता, त्यावर काळं शिंग. दोन्ही कार्डं आत सोडली. आत पडल्याचा आवाज ऐकण्याची सवय अजून गेलेली नाही.

तिसरा दिवस : स्ट्रासबुर्ग

स्टुटगार्टहून वेगवान गाडीने सव्वा तासात ऱ्हाइन ओलांडून फ्रान्स. कुणी पासपोर्ट विचारला नाही. हिने तो पर्समध्ये वरच ठेवला होता, तो उगाच वरच राहिला.

रोमनांनी इथे छावणी टाकली तेव्हा नाव होतं आर्जेंटोरातुम. त्यातलं 'आर्जेंट' म्हणजे चांदी, किंवा चांदीसारखी चकाकणारी नदी. आर्जेंटम आणि आपलं संस्कृतातलं रजत ही एकाच मुळाची भावंडं आहेत. पुढे सहाव्या शतकातल्या लिखाणात 'ज्याला आता स्ट्रातेबुर्गुस म्हणतात' असा उल्लेख येतो. चांदी गेली, रस्ता आला. रस्त्यावरचं गाव म्हणजे येणाऱ्या-जाणाऱ्या प्रत्येक सैन्याचं गाव. १८७१ साली जर्मनीकडे, १९१८ साली फ्रान्सकडे, १९४० साली पुन्हा जर्मनीकडे, १९४४ साली पुन्हा फ्रान्सकडे. त्र्याहत्तर वर्षांत चार वेळा टपालाचे शिक्के बदलणाऱ्या त्या ऑफिसातल्या कारकुनांची मला दया आली. आम्ही एका बॉम्बेचं मुंबई करताना किती रबरी शिक्के टाकून दिले ते आठवलं.

जुन्या पेठेतल्या पाट्या दोन भाषांत आहेत, वर फ्रेंच आणि खाली इथली अल्सेशियन बोली. एके ठिकाणी वर 'ग्रांद र्यू', म्हणजे मोठा रस्ता, आणि खाली 'लांगश्ट्रॉस', म्हणजे लांब रस्ता. तसं बघायला गेलं तर भाषांतर चुकलंय. पण ते भाषांतर नाहीच. सरकारला तो मोठा वाटला आणि चालणाऱ्याला लांब. आम्ही पूर्ण चाललो. लांबच आहे.

कॅथेड्रल १४२ मीटर उंच, एकाच शिखराचं, गुलाबी दगडाचं. सव्वादोनशे वर्षं जगातली सगळ्यात उंच इमारत होती. बाहेर इतकी गर्दी की आम्ही मान वर करून बघितलं आणि निघालो.

संध्याकाळी ट्रामने ऱ्हाइनपलीकडे जर्मनीतल्या केल गावात जाऊन चहा प्यायलो आणि परत आलो. २०१७ पासून ही ट्राम नदी ओलांडते. समोरच्या बाकावर एक बाई पिशवीभर सामान घेऊन बसली होती. दोन देशांमधून ती दोडका आणायला गेल्यासारखी जाऊन आली.

युरोपभर अशी शहरांची २० हजारांहून जास्त नाती आहेत. १९५१ साली जिनिव्हात महापौरांनी संघटना काढली आणि मग हे वारं सुटलं. आता खरं सांगायचं तर त्यातली बरीचशी जेवणावळीची असणार. गायनमंडळ इकडून तिकडे, अग्निशमन दल तिकडून इकडे, वेशीवर पाटी, दर पाच वर्षांनी हार-तुरे. मी त्याची टिंगल करत होतो तेव्हा ही म्हणाली, "विहिणी विहिणी दरवर्षी भेटतात तेव्हा तरी दुसरं काय करतात? जेवतातच ना?"

तिथेच शब्द सापडला. जुळं नाही, भगिनी नाही, भागीदार तर नाहीच. ही सोयरीक आहे.

चौथा दिवस : वाट चुकून मोंबेलियार

ही चूक पूर्णपणे माझी. लेक म्हणत होती मी तिकिटं काढते. मी म्हटलं, आयुष्यभर गावं लावली, मला एक तिकीट काढता येणार नाही का? यादीत 'बेलफोर-मोंबेलियार टीजीव्ही' दिसलं (टीजीव्ही म्हणजे फ्रेंचांची वेगवान गाडी). नाव स्पष्ट, गाडी थेट, तासाभराचा प्रवास. काढलं.

उतरलो तर चारी बाजूंना शेतं. देखणं, नवंकोरं स्टेशन, आणि गाव नाही. बेलफोर नाही, मोंबेलियारही नाही. दोन्ही गावांची नावं लावलेलं ते स्टेशन मेरू नावाच्या तिसऱ्याच खेड्यात आहे, आणि त्या खेड्याचं नाव पाटीवर नाही. आपली रेल्वे निदान 'रोड' लावते. नाशिक रोड, सावंतवाडी रोड. 'रोड' दिसला की माणूस समजतो, अजून रिक्षा करायची आहे. ही बॅगेवर बसून म्हणाली, "अडतीस वर्षं ना?" पुढे काही बोलली नाही, तेच जास्त लागलं.

तिथल्याच लहान फलाटावरून बेलफोरची गाडी मिळाली. बेलफोरला पुढची गाडी सुटायला दोन तास होते, तेव्हा सिंह बघून आलो. कड्याला टेकून बसलेला लाल दगडाचा सिंह, २२ मीटर लांब, ११ मीटर उंच. अमेरिकेतला स्वातंत्र्यदेवीचा पुतळा घडवणाऱ्या बार्तोल्दीचाच. १८७०-७१ च्या युद्धात १०३ दिवस वेढा सोसून हे गाव पडलं नाही, म्हणून भोवतालचा मुलूख जर्मनीकडे गेला तरी बेलफोर फ्रान्सचं राहिलं. नावाचा अर्थ 'देखणा कोट'. सुंदर आणि मजबूत दोन्ही असणारं काही फार वेळा बघायला मिळत नाही. माझी चूक झाली नसती तर तो दिसलाच नसता, हे मी हिला दोनदा सांगितलं.

संध्याकाळी मोंबेलियार. स्टेशनातून बाहेर पडलं की वर टेकडीवर दोन गोल बुरूज. इथे नाव आणि जागा एकमेकांना सोडून नाहीत. मों बेलियार म्हणजे बिलियार्दची टेकडी. तो किंवा ती कुणीतरी हजार वर्षांपूर्वी त्या टेकडीवर राहिली असणार, आणि टेकडी अजून जागेवर आहे.

उतरायच्या घरी पहिला प्रश्न टपालाचा. घरमालकीणबाईंनी मान हलवली. काही आलेलं नाही.

पाचवा दिवस : मोंबेलियार

सकाळी किल्ला. एका बुरुजाचं नाव आंरियेत. ही या गावाची वारस. घरात मुलगा नाही, जहागीर मोठी, तेव्हा १३९७ साली तिचं लग्न व्युर्टेंबर्गच्या एबरहार्डशी ठरवलं. नवरदेव नऊ वर्षांचा. नवरीही पोरच. साखरपुडा झाला आणि दहा वर्षांनी लग्न. हुंड्यात टेकडी, किल्ला, गाव आणि ते दोन मासे. १४१९ साली नवरा वारला तेव्हा मुलं लहान होती. आंरियेतनेच कारभार हाती घेतला. होहेनत्सोलर्नचा डोंगरी किल्ला १४२३ साली पडला त्या वेढ्यात तिची फौज होती. जर्मनीत ती हेन्रिएट म्हणून ओळखली जाते.

म्हणजे आंरियेतची हेन्रिएट झाली आणि मोंबेलियारचं म्योंपेलगार्ड. गावातले लोक मात्र चारशे वर्षं आपलीच फ्रेंच बोली बोलत राहिले. राजा जर्मन, धर्म पुढे ल्यूथरचा, भाषा फ्रेंच. म्योंपेलगार्ड हे त्या गावाने स्वतःला कधीच म्हटलं नसणार. ते सासरच्यांनी ठेवलेलं नाव.

हे मी मोठ्याने म्हणालो असेन, कारण ही बुरुजाच्या दगडावर हात ठेवून म्हणाली, "मला विचारा."

हिचं माहेरचं नाव कुसुम. लग्नात आमच्या आईने ताटात तांदूळ पसरले आणि मी अंगठीने त्यात 'सुनंदा' लिहिलं. ते नाव आईने ठरवलं होतं, हिला कुणी विचारलं नव्हतं. मीही नाही. पण हिची आई शेवटपर्यंत पत्रावर 'चि. कुसुम' लिहायची, खाली माझं आडनाव आणि वाड्याचा पत्ता. आमच्या वाड्यात कुसुम नावाचं कुणीच नव्हतं. तरी पोस्टमन एकदाही चुकला नाही. "तुमच्या खात्यातली मला आवडलेली तेवढीच एक गोष्ट," ही म्हणाली.

मग खाली गावात उतरलो. सेंट मार्टिन चौकात क्युव्हिएचा पुतळा आहे. नामशेष झालेल्या प्राण्यांच्या हाडांवरून अख्खा प्राणी उभा करणारा हा शास्त्रज्ञ १७६९ साली इथे जन्मला. तेव्हा हे गाव व्युर्टेंबर्गचं, म्हणून पोरगा शिकायला कुठे गेला? स्टुटगार्टला, ड्यूकच्या शाळेत. फ्रान्सचा म्हणून गाजलेला हा माणूस जन्माने व्युर्टेंबर्गच्या ड्यूकचा प्रजाजन. बाजूलाच सेंट मार्टिनचं प्रोटेस्टंट देऊळ, १६०१ ते १६०७ मधलं, हाइनरिश शिकहार्ट या व्युर्टेंबर्गी स्थपतीने बांधलेलं. बाहेरून इतकं साधं की कचेरी वाटावी. आत शिरलो तर नुसती मोकळी, उजेडाची, खांब नसलेली जागा. ही बाकावर बसली आणि वीस मिनिटं उठली नाही. तिचे गुडघे दुखत होते असं ती म्हणते.

त्या बाकावर मला १९५० सालचा अर्थ जरा लागला. थारादँ आणि डोख यांनी दोन परकी शहरं एकत्र आणली नव्हती. मोडलेली जुनी सोयरीक त्यांनी पुन्हा सांधली. फरक एवढाच की या वेळी मुलीला विचारलं होतं.

माहिती केंद्रातल्या बाईंना आम्ही लुडविग्सबुर्गहून आलो म्हटल्यावर त्यांचा चेहरा खुलला आणि पुण्याहून म्हटल्यावर गोंधळला. त्यांनी नकाशावर इथल्या जेवणाची जागा दाखवली. मोंबेलियारचं धुरावलेलं सॉसेज प्रसिद्ध आहे. त्यात जिरं असतं, पहिल्या घासाला घर आठवलं. हिच्यासाठी कांक्वायोत मागवलं. हे इथलं पातळ चीज, कोमट, चमच्याला तार सुटणारं. हिने वास घेतला, चमचा वर करून तार किती लांब जाते ते बघितलं.

"हे चीज आहे की तुमच्या ऑफिसातली खळ?"

पावाला लावून संपवलं मात्र सगळं.

परतलो तर पहिलं कार्ड आलं होतं. कोडवालं. तीन दिवस लागले. वाईट नाही, पण त्यात कौतुक कसलं? कोड यंत्राने वाचला, यंत्राने लावला. दुसऱ्याचा पत्ता नव्हता. दुसऱ्या दिवशी सकाळी निघताना मी घरमालकीणबाईंना लेकीचा नंबर लिहून दिला आणि मोबाइलवरच्या भाषांतराने सांगितलं, आणखी एक येईल कदाचित, नावाची जरा चूक आहे. त्यांनी भाषांतर वाचलं आणि खांदे उडवले.

घरी

पुण्यात परतून बारा दिवस झाले होते. जेवून पडलो होतो. लेकीने व्हॉट्सअॅपवर फोटो पाठवला, खाली लिहिलेलं, "बाबा, तुमचं दुसरं."

राजवाड्याचं कार्ड, एक कोपरा दुमडलेला. माझं अक्षर. म्योंपेलगार्डखाली कुणीतरी बारीक रेघ ओढलेली, आणि बाजूला निळ्या बॉलपेनने, घाईत, थोडं तिरकं लिहिलेलं : २५२००.

मी दोन बोटांनी फोटो मोठा केला. मग हिला हाक मारली. 'कुसुम' अशी.